शनिवारचं ऐकणं

बावन्न वर्षांचा झाला तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याच्याहून लहान अशी भाचरं आली, सुना आल्या, जावई आले, पण ते नाव काही त्याला सोडेना. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. केबिनच्या टपावर उभं राहून, डोळे मिटून, लिफ्ट वरपासून खालपर्यंत एकदा फिरवली की कुठलं बेअरिंग महिन्याभरात मान टाकणार हे तो सांगायचा. लोक म्हणत, काय कान आहे! तो म्हणायचा, कान माझा, पण शिकवणी ताईची.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. छापखान्याच्या बांधणी विभागात तिने तीस वर्षं पुस्तकं शिवली. बोलायला तुटक, हाताला चपळ. लहानपणी दोघांच्या खाटा एकाच खोलीत होत्या आणि मधल्या स्टुलावर वडिलांचा रेडिओ. वडील कामाला गेले की तो रेडिओ या दोघांचा. ताई काटा केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहायची आणि खरखरीतून कुठल्या तरी लांबच्या देशाचं स्टेशन वर यायचं. भाषा कळत नसे, गाणाऱ्याचं नाव कळत नसे. मग ताई वहीत आपल्याच खुणेने लिहून ठेवायची: 'म्हातारा. मागे पाण्याचा आवाज.' किंवा 'बाई. एकच तार. शेवटी हसते.'

पुढे लग्नं झाली, घरं वेगळी झाली, पण शनिवारी दुपारी कामावरून सुटला की धाकटा ताईकडे जायचा, हे ठरलेलं. चपला काढायच्या आत ताईचा प्रश्न यायचा, "काय ऐकतोयस सध्या?" मग आठवड्यात नवीन सापडलेलं एक त्याने लावायचं, एक तिने. या ऐकण्याचे नियम होते. लावण्याआधी कौतुक करायचं नाही. चालू असताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. आणि संपल्यावर खरं बोलायचं. एकदा पंधरा वर्षांचा असताना त्याने तिचं मन राखायला 'छान आहे' म्हटलं होतं, तर ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. ताईचे यजमान, दाजी, नकाशे काढायच्या कामातून निवृत्त झालेले सरळमार्गी गृहस्थ. त्यांना संगीतातलं एकच कळायचं, ते म्हणजे ते कधी संपतं. संपलं की ते चहा घेऊन यायचे.

त्या शेवटी हसणाऱ्या बाईचं गाणं धाकट्याला बावीस वर्षांनी एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात सापडलं. वहीतली ओळ त्याला पाठ होती. दुकानातच चार ओळी ऐकून त्याने ओळखलं. त्या शनिवारी त्याने काही न सांगता तबकडी लावली. बाई हसली तेव्हा ताई उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. परत आली ती डोळे लाल करून. "कुठे मिळाली रे ही?" एवढंच म्हणाली. त्यानंतर ते गाणं दोघांनी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. नाव माहीत झालं तरी दोघं त्याला 'ती बाई'च म्हणत.

पंचावन्नाव्या वर्षी ताईचा उजवा कान कमी झाला. दोन वर्षांनी एक ताप आला, आठवडाभर राहिला आणि उतरताना डावाही घेऊन गेला. कानात घालायची यंत्रं आणली, पण त्यांचा काही उपयोग नव्हता. आवाज मोठा करायला आधी तो पोचावा तरी लागतो, असं डॉक्टर म्हणाले.

अकरा महिने ताई तशी राहिली. दाजी पाटीवर लिहून बोलायचे. नकाशेवाल्याचं अक्षर ते, प्रत्येक निरोप रस्त्यावरच्या इशाऱ्याच्या फलकासारखा दिसायचा. धाकटा शनिवारी जायचा, बसायचा. पहिल्यांदा सवयीने त्याने काय ऐकलं ते कागदावर लिहून दाखवलं. ताईने वाचलं, कागदाची नीट चौकोनी घडी घातली आणि म्हणाली, "पाककृती वाचून पोट भरतं का?" स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने ती फार मोठ्याने बोलायची. धाकट्याने परत लिहिलं नाही.

मग शस्त्रक्रिया ठरली. कानामागे, हाडाच्या आत एक यंत्र बसवायचं आणि बाहेरून त्यावर लोहचुंबकाने चिकटणारा एक चकतीसारखा भाग. महिन्याभराने ते सुरू केलं त्या दिवशी धाकटा आणि दाजी दोघंही हजर होते. श्रवणतज्ज्ञ बाई वयाने तरुण, पण सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आज चमत्कार होणार नाही. तरी दाजी नवा शर्ट घालून आले होते.

"ऐकू येतंय का?" दाजींनी विचारलं.

ताईने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "डब्यात भुंगा कोंडलाय," ती म्हणाली. मग धाकट्याकडे वळून, "तू बोल."

"ताई, मी आहे."

"तूही भुंगाच. जरा लहान."

हळूहळू भुंग्यांचे शब्द झाले. ताईने अभ्यास असा केला की परीक्षेला बसलेली मुलं मागे पडावीत. दाजी रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि ती ऐकलेलं लिहून काढायची. चौथ्या महिन्यात शांत खोलीत समोरासमोर बोलणं तिला बहुतेक कळू लागलं. एके शनिवारी, तो चपला काढत असताना, तिने विचारलं, "काय ऐकतोयस सध्या?"

दीड वर्षाने तो प्रश्न आला होता. त्याने विचार केला नाही, आणि पुढे अनेक दिवस तो स्वतःला हेच बोलत राहिला की गाढवा, विचार का नाही केलास? त्याने 'ती बाई' लावली.

नियम मोडून तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आधी तिने डोकं किंचित कलतं केलं, जुन्या सवयीने. मग कपाळाला आठी पडली. मग तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबले.

"हे काय आहे?"

"ताई, ती बाई. आपली."

"नाही."

"अगं, तीच. आता बघ, शेवटी हसते—"

"बंद कर. पत्र्यावर कुणी खडे ओततंय. बंद कर म्हणते ना!"

त्याने घाईघाईने बंद केलं. ताईचा आवाज खाली आला होता. "माझ्या डोक्यात ती अजून धड होती. एवढं एक धड होतं. आता तिच्यावर हे खडे पडले." तिने हात मागे नेला, कानामागची चकती काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणजे आता कुणी काही बोलण्यात अर्थ नव्हता. दाजी चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी तो तसाच परत नेला.

पुढचे तीन शनिवार धाकटा गेला नाही. कामाचं निमित्त सांगितलं. घरातही त्याने काही लावलं नाही. गाण्यांनी सुरू होणारी त्याची सकाळ मुकी झाली. बायकोने चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी म्हणाली, "अहो, ताईंचा कान गेला, तुमचा कशाला घालवताय?"

"माझ्याने ऐकवत नाही गं."

"मग त्या कानाच्या बाईंना जाऊन विचारा तरी. नुसतं तोंड पाडून बसून ताईंना काय मिळणार आहे?"

तो गेला. श्रवणतज्ज्ञ बाईंनी त्याला समजावून सांगितलं. हे यंत्र बोलण्यासाठी बनवलंय. सुरांमधला बारीक फरक त्याला धरता येत नाही. चार वाद्यं एकत्र वाजली की त्याचा काला होतो. ओळखीचं गाणं सगळ्यात वाईट, कारण मन एक मागतं आणि कान दुसरंच देतो. पण ठेका, वेळ, एकट्या वाद्याचा घाव हे मात्र बऱ्याच जणांना चांगलं कळतं. "नवीन काही द्या त्यांना," बाई म्हणाल्या, "ज्याची आठवण नाही असं. आणि आवडलंच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नका."

"पण मला कसं कळणार तिला काय पोचेल ते?"

"ते तुम्हाला नेमकं नाही कळणार," त्या म्हणाल्या. "आम्हालाही नाही कळत."

हे उत्तर लिफ्टवाल्याच्या पचनी पडण्यातलं नव्हतं. त्याच्या कामात बिघाड जिथे असतो तिथे जाऊन उभं राहायचं असतं. दुसऱ्या दिवशी एका बारा मजली इमारतीत काम करताना त्याच्या डोक्यात आलं. केबिनमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलायला लिफ्टमध्ये एक छोटा भोंगा असतो. वर मशीनच्या खोलीतल्या फोनवर बोललं की तो खाली वाजतो. शब्द कळतात, पण माणूस ओळखू येत नाही, आईचा आवाजही पत्र्याचा होतो. त्याने वर जाऊन आपला मोबाइल त्या फोनच्या तोंडाशी ठेवला, जपलेली गाणी एकामागून एक लावली आणि जिना उतरून केबिनमध्ये येऊन बसला.

व्हायोलिन मेलं होतं. बासरीची नुसती शिट्टी उरली होती. तबकडीच्या दुकानातून आणलेली, आयुष्यभर जपलेली गाणी एकेक करून त्या भोंग्यातून चाळून पडली, आणि चाळणीत उरला तो चोथा. धाकटा केबिनच्या फरशीवर गुडघे छातीशी घेऊन बसला होता. ताई रोज, सकाळी उठल्यापासून, यातच बसलेली असते, हे त्याला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. हा भोंगा आणि ताईचं यंत्र एकच नाही हेही त्याला माहीत होतं. पण इतके दिवस त्याला ताईचं दुःख दिसत होतं. आज ते थोडंसं ऐकू आलं.

इमारतीची देखभाल करणारे काका दार उघडं पाहून डोकावले. "लिफ्ट बिघडलीय की तुम्ही?"

"दोघंही," धाकटा म्हणाला. "अर्ध्या तासात चालू करतो."

त्यानंतर तीन आठवडे, जिथे काम असेल तिथे, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो हाच उद्योग करू लागला. आपल्या आवडीनिवडी त्याने बाजूला ठेवल्या. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातलं, स्वतः कधी ऐकलं नसतं असं तो शोधून काढी, आणि भोंग्यातून काय तगतं ते कागदावर टिपून ठेवी. एकटा ढोल तगतो. लाकडावर लाकूड तगतं. टाळ्या, पावलं तगतात. मोकळ्या गळ्याने शब्द फेकणारा माणूस, मागे काही नसेल तर, तगतो. सूर ज्यात मोठा आणि ताल गरीब, ते सगळं जातं.

चौथ्या शनिवारी तो ताईकडे गेला. दार ताईनेच उघडलं. प्रश्न विचारला नाही. तो बसला.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"हो," ताई म्हणाली. मग जरा वेळाने, "घरी लावतोस का तिला? त्या बाईला?"

"नाही. तेव्हापासून नाही."

"वेडा आहेस. तिने काय केलंय? तू ऐकणं सोडल्याने माझं काय भलं झालं?" तिने कानामागे बोट नेलं. "ऐक. ती काही मेली नाही. मी आठवडाभर घाबरले होते की गेली म्हणून. मग एकदा हे काढून ठेवलं, डोळे मिटले आणि वहीतली ओळ आठवली. आली हळूहळू. आतल्या आत लावते मी तिला. तिथे नीट वाजते. फक्त बाहेरून लावू नकोस."

धाकट्याने मान हलवली. दाजींनी इतक्यात चहा आणून ठेवला, खरं म्हणजे अजून काही संपलं नव्हतं.

"दुसरं काही आणलंयस ना?" ताई म्हणाली. "तुझा खिसा सांगतोय. कागद डोकावतोय बाहेर."

त्याने पहिलं लावलं. एकटा ढोल. "नको," ती म्हणाली. दुसरं, लाकडी पट्ट्यांचं वाद्य. "कानात कुणी भांडी घासतंय. नको." तिसरं मध्येच थांबवलं. धाकट्याचा धीर सुटत चालला होता, पण नियम म्हणजे नियम. त्याने तोंडाकडे पाहिलं नाही, मध्ये बोलला नाही. चौथं लावलं. कुठल्या तरी समुद्रावर जाळं ओढणाऱ्या माणसांचं. एक जण हाक देतो, बाकीचे एका आवाजात उत्तर देतात आणि त्याच क्षणी सगळ्यांची पावलं होडीच्या फळ्यांवर आदळतात. सूर असा नाहीच. हाक, उत्तर, पाऊल. हाक, उत्तर, पाऊल.

संपलं.

"परत लाव," ताई म्हणाली.

त्याने परत लावलं. या वेळी तिचा उजवा हात मांडीवर हलत होता, पुस्तकाची घडी दाबताना हलायचा तसा, आखडता आणि नेमका.

"किती जण आहेत?" तिने विचारलं.

"दहा-बारा असतील."

"त्यातला एक उशिरा येतो."

"काय?"

"पाऊल. सगळ्यांचं पडतं आणि मग एकाचं. जरासं मागून. दर वेळी. तुला नाही आलं ऐकू?"

धाकट्याने ते जाळेवाले जेवणाच्या सुट्टीत वीस वेळा तरी ऐकले होते. त्याने पुन्हा लावलं, कान टवकारले. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला, सगळ्या पावलांच्या धडाक्याच्या शेपटीला, केसभर मागे, एक पाऊल. आणि पुढच्या उत्तरालाही. आणि त्याच्या पुढच्यालाही. म्हातारा असेल, किंवा पायाने अधू. पण दर वेळी येत होता.

"आहे," तो म्हणाला. "आहे गं ताई. मला कळलंच नव्हतं."

"आवडलं असं म्हणत नाही मी," ताई तुटकपणे म्हणाली. "छान बिन काही नाही. पण कळलं. दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी कळलं." आणि मग ती रडली. फार नाही. दाजी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि पाटी हाताशी असूनही त्यांनी काही लिहिलं नाही.

तिथून पुढचं वर्षभर ताईच शोधायला लागली. आधी धाकट्याने आणलेल्यातून, मग स्वतः. एका भाचीने तिला मोबाइलवर शोधायचं कसं ते शिकवलं. वही परत निघाली. त्यात आता 'बाई, तार' असं काही नसे. 'पाच मोजून एक गाळतो', 'दोघं भांडतात, मग जुळतात', असलं असे. सगळंच सुरळीत झालं असं नाही. कधी आठवडेच्या आठवडे तिला सगळा गोंगाट वाटायचा आणि ती चकती काढून बसायची. लग्नकार्यात, गर्दीत ती कोपरा धरून असे. पूर्वीचं ऐकणं परत आलं नाही, येणारही नव्हतं, आणि तिने त्याची कुणाला खोटी आशा दाखवू दिली नाही.

गेल्या शनिवारी तिने त्याच्यासाठी एक काढून ठेवलं होतं. वीस मिनिटांचं. कुणा माणसाने संगणकावर केलेलं, नुसते ठोके, सुराचा थेंब नाही. धाकटा नियमाप्रमाणे खिडकीबाहेर बघत बसला. पाचव्या मिनिटाला त्याला कंटाळा आला. दहाव्याला डोकं दुखायला लागलं. त्याच्या ओळखीची एक खराब झालेली मोटर नेमकी अशीच वाजायची, आणि ती त्याने मागच्याच महिन्यात बदलली होती. संपलं तेव्हा त्याने मोकळा श्वास सोडला आणि मग तो लपवायचा प्रयत्न केला.

"बोल," ताई म्हणाली.

तो घुटमळला. तिचं हे 'बोल' पुन्हा ऐकायला तो दीड वर्ष आसुसला होता. आता खोटं बोलणं किती सोपं होतं.

"नाही आवडलं," तो म्हणाला. "अजिबात नाही. मला यात काही सापडत नाही ताई."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा पडला, पण आवाजात राग नव्हता. "तुझा कान सूर शोधतो. यात तो नाही. मी पूर्वीची असते तर मीही उठून गेले असते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आपलं आता एक नाही राहायचं, धाकट्या. तू तिकडचं ऐकणार, मी इकडचं."

"हो."

"तरी येशील ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

दाजींनी चहा आणला. तिघांनी प्यायला. ताईने त्याला समजावून सांगितलं की अकराव्या मिनिटाला एक ठोका गळतो आणि पुढे तीन मिनिटं त्या रिकाम्या जागेभोवतीच सगळं फिरत राहतं. तिने ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. बोटांचं त्याला थोडं कळलं.

घरी जाताना बसमध्ये जागा मिळाली. त्याने कानात मोबाइलची बोंडं घातली आणि ते वीस मिनिटांचं पहिल्यापासून लावलं. आवडलं नाहीच. अकराव्या मिनिटाच्या आसपास कुणीतरी घंटी वाजवली, बस थांबली, माणसं चढली-उतरली, आणि तो गळलेला ठोका त्याच्या हातून निसटला. त्याने बोटाने पडद्यावरचा काटा मागे सरकवला, दहाव्या मिनिटावर आणला आणि डोळे मिटून मोजायला सुरुवात केली.